ओहोटीत मोजलेली जमीन

आमच्या ओसरीवर समुद्र असायचा. सणाच्या आदल्या दिवशी मी तो शेणानं सारवून टाकायची, आणि ओसरी वाळली न वाळली तोच तो पुन्हा तिथं हजर. चुन्याची एक वाकडीतिकडी रेघ म्हणजे किनारा, त्या रेघेतली फट म्हणजे काळी नदीचं मुख, आणि मुखासमोर काकडीच्या फोडीसारखा एक लांबट तुकडा. पाहुणे चपला काढून आत यायचे ते नेमका त्या तुकड्यावर पाय देऊन. मग मागच्या खोलीतून आवाज यायचा, "सावकाश. माणसं राहतात तिथं."

हे आमचे भाडेकरू. मोजणीखात्यात नकाशे काढण्यात हयात गेली म्हणून गाव त्यांना मोजणीदार म्हणायचं, आणि पुढं पुढं खरं नाव आम्हीही विसरलो. भाड्यानं दिली होती मागची खोली, ओसरी नव्हे. पण एवढा हिशेब त्यांच्या डोक्यात कुठून शिरणार? मी सारवायला बसले की ते दारात उभे राहून बघायचे, रागवायचे मात्र नाहीत. म्हणायचे, "समुद्र बी असंच पुसून टाकतो, अक्का. तुम्ही निदान आधी सांगता तरी."

मला अक्का म्हणायचे, आणि वय माझ्या वडिलांचं. पण आमच्या जोयड्यात कर्त्या बाईला सगळेच अक्का म्हणतात, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार? गाव भर रानातला, समुद्र पार घाट उतरून कारवारला. ज्या माणसाला उठता-बसता समुद्र सुचतो त्यानं म्हातारपणी इथं का यावं, असं मी एकदा विचारलंच. तर म्हणाले, "हितली जमीन निजताना जिथं असती तिथंच सकाळी सापडती. एवढं सुख पुरं झालं."

त्यांच्या खिशात दोरी बांधलेला एक शिशाचा गोळा असायचा. खाडीची खोली मोजायला खात्यात असताना लागायचा, आणि नोकरी सुटली तरी गोळा काही सुटला नाही. जोयड्यात खाडी कुठली, मग तो आमच्या आडात उतरायचा. आड आटला तर ओढ्याच्या डोहात. एकदा तर मी दळण आटोपून आत येते तो हे ताकाच्या डेऱ्यात गोळा सोडून उभे. "गाळ किती धरलाय ते बघत होतो," म्हणाले. म्हटलं, "गाळ न्हाई तो, लोणी हाय." तर शांतपणे दोरी वर ओढत म्हणतात, "असंल. पर चढतंय."

आमचे मालक मला म्हणायचे, "सोड गं, माणूस भाडं वेळेवर देतो." मी म्हणायची, भाड्यानं डेरा बाटायचा राहतो का? पण खरं सांगायचं तर मलाही त्यांची सवय झाली होती. ओसरी मोकळी दिसली की चुकल्यासारखं व्हायचं.

आणि माणूस कामाचा होता हो. आमच्याकडं भातशेतीच्या बांधावरून जितकी डोकी फुटतात तितकी कशानंच फुटत नाहीत. बाजारकुणंगपासून कुळगीपर्यंत कुठंही बांधाचं भांडण जुंपलं की लोक मोजणीदारांना न्यायला यायचे. ते भल्या सकाळी जायचे, कारण उन्हात लोखंडी साखळी वाढते म्हणे. साखळी पडली, खुंटी ठोकली, की दोन्ही भाऊबंदांची तोंडं बंद. ठाण्यात जायची पाळी यायची नाही. पैसा घ्यायचे नाहीत. मध, केळीचा घड, फार तर रानकोंबडीचं आमंत्रण, तिथंही स्वतः न जाता आमच्या मालकांना पाठवायचे. "मोजणीदारांची खुंटी" ही आमच्या भागात शपथेसारखी झाली होती.

त्यांचं एक वाक्य तर मला भाकरी थापताना पाठ म्हणता येईल इतक्यांदा मी ऐकलंय. "किनारा म्हणजे भरतीची रेघ. समुद्र चढून चढून जिथं थकतो आणि शेवाळ, काटक्या टाकून मागं फिरतो, ती रेघ. ओहोटीत मोजायला गेलं तर वाटेल तेवढी जमीन सापडती. पर ती आपली न्हवे, समुद्रानं घटकाभर उघडी टाकलेली. ओहोटीत साखळी टाकणारा मोजणीदार न्हवे अक्का, चोर." त्या एका रेघेसाठी हा माणूस ऐन उन्हात दिवसदिवस वाळूत छत्री उघडून बसलेला. छत्रीखाली डबा, डब्यात वाळू.

आता तो ओसरीवरचा लांबट तुकडा. मुखाच्या समोर समुद्र आपणहून वाळूची एक पट्टी आडवी घालतो, एका अंगाला लाटा आणि दुसऱ्या अंगाला खाडी. तिथले मासे मारणारे खारवी लोक तिला दांडा म्हणतात. ह्या दांड्यावर माड होते, चार घरं होती, आणि त्याची मोजणी करायला मोजणीदारांना नोकरीत काही काही वर्षांच्या अंतरानं तीन वेळा धाडलं. तिन्ही वेळा दांडा वेगळ्या जागी. एकदा लांब, एकदा आखूड, एकदा खाडीकडं सरकलेला. वरच्या साहेबानं तिन्ही नकाशे पुढ्यात मांडून विचारलं, यातला खरा कुठला? हे म्हणाले, तिन्ही. साहेबाला वाटलं चेष्टा करतोय. एक नकाशा चुकला असं लिहून दे, म्हणाला, विषय मिटव. हे म्हणाले, चुकला नाही तर लिहू कसं? मग साहेबानं त्यांना समुद्रावरून काढून आमच्या रानात हद्दीचे दगड मोजायला टाकलं. 'चुकलं' एवढा एक शब्द तोंडातून काढला असता तर बढती घेऊन धारवाडात राहिले असते, असं ते स्वतःच सांगायचे आणि वर हसायचे.

आमच्या शेजारी एक म्हातारा कुणबी होता. जंगलखात्यानं बंदी घालीपर्यंत त्यानं कुमरी केलेली. म्हणजे रानाचा तुकडा जाळायचा, राखेत नाचणी पेरायची, दोन-तीन पिकं घेतली की तो तुकडा रानाला परत द्यायचा आणि पुढचा धरायचा. हा म्हातारा ओसरीवर पान जमवत बसला होता आणि मोजणीदार त्याला दांड्याची कथा सांगत होते. सगळं ऐकून म्हातारा म्हणाला, "म्हंजी तुमचा दांडा कुमरी करतोय म्हणा की. हिकडचं सोडतोय, तिकडचं धरतोय."

मोजणीदारांना इतका आनंद झाला की त्यांनी म्हाताऱ्याला स्वतःच्या डब्यातली तंबाखू दिली. ती ते कुणाला देत नसत. "कुमरी. व्हय, कुमरीच," असं स्वतःशीच चाललं होतं. तोवर म्हाताऱ्यानं पिंक टाकून पुढचं वाक्य बोलून टाकलं. "पर कुमरीच्या रानात पक्कं घर कोण बांधत न्हाई बघा."

ते ऐकलं आणि मोजणीदारांचा चेहरा उतरला. त्यांची एकुलती एक मुलगी त्या दांड्यावर नांदत होती.

लग्न त्यांनीच ठरवलेलं. बायको लवकर गेली, पोर आईविना वाढली, तिला खाऊनपिऊन सुखी घर बघायचं होतं. पहिल्या मोजणीच्या वेळी दांड्यावरच्या ज्या घरात ते उतरले होते ते घर त्यांना आवडलं. माडांची बाग, मऊ माणसं, आणि घरापासून लाटेपर्यंत ऐसपैस जमीन, स्वतःच्या साखळीनं मोजलेली. दांडा हलतो खरा, पण घरापर्यंत पाणी यायला पिढ्या जातील असं तेव्हा वाटलेलं. पोरगी मोठी झाल्यावर त्याच घरात दिली, आणि लग्नात व्याह्यांना आहेर काय दिला, तर त्या पहिल्या मोजणीच्या नकाशाची स्वतः काढलेली, खात्याचा शिक्का मारून घेतलेली नक्कल. व्याह्यांनी ती चौकटीत बसवून देवांच्या शेजारी लावली. आता समुद्र दरसाल घराकडं सरकत होता, मोजणीदार सांगून थकले होते, आणि व्याही त्या चौकटीकडं बोट दाखवून गप्प करत होते. सणाला देवांबरोबर नकाशालाही कुंकू लागायचं म्हणे.

म्हणून तर ओसरीवरचा समुद्र. कारवारहून मीठ आणि सुकी मासळी घेऊन घाट चढून येणारे लोक आमच्या दारात टेकायचे. मोजणीदार त्यांना गूळपाणी द्यायचे आणि दांड्याची खबर विचारून रेघ पुढं-मागं करायचे. पण आमच्याकडची रीत अशी, की वडीलधाऱ्या माणसानं गूळपाणी देऊन काही विचारलं तर त्याला नाही म्हणायचं नसतं.

"दांडा उत्तरेला सरकला म्हणं?"

"व्हय जी, सरकला."

दुसऱ्या आठवड्यात दुसरा मीठवाला. "का रं, दांडा दक्षिणेला गेला व्हय?"

"गेला की. मगाच गेला."

असं करता करता तो दांडा आमच्या ओसरीवरून निघाला, उंबऱ्याला वळसा घालून तुळशीपाशी पोचला. आमचे मालक म्हणाले, "मोजणीदार, आणखी दोन मीठवाले आले की तुमचा दांडा गोव्यात जाईल, तिथं पोर्तुगीजांचा कर लागंल." मी पदरात तोंड घालून हसले. मोजणीदार मात्र चुन्याची वाटी घेऊन तुळशीपाशी उकिडवे बसले होते. म्हणाले, "हसा तुम्ही. मला खरं सांगणारं एक माणूस न्हाई." तेव्हा माझं हसू गेलं.

त्याच वर्षी पोरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, पण माहेरी बाईमाणूस नाही. मी म्हटलं, मी हाय की, आणा तिला इकडं. वैशाखात आमचे मालक, मी आणि मोजणीदार गाडी जुंपून अणशीचा घाट उतरलो, कद्र्याला होडीत बसलो आणि दांड्यावर गेलो. मी जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला. मोजणीदारांना म्हटलं, "आमच्या ओसरीवर बरा दिसायचा." ते हसले नाहीत. त्यांची नजर किनाऱ्याकडं होती. समुद्राच्या अंगाची माडांची रांग आडवी पडली होती, मुळं वर करून. भरतीची रेघ न्हाणीघराच्या मागं आली होती. मी सुद्धा ओळखली, एवढ्यांदा ऐकलं होतं.

व्याही माणूस गोड, पण हेकट. मराठी बोलता बोलता कोकणीत घसरायचे. फणसाचे गरे पुढं ठेवले आणि म्हणाले, "उगाच भितात तुमी. दर्या पावसांत खाता आनी मागीर परत दिता. बापजाद्यांपासून हेंच चालू आहे."

"थोडी वाळू देतो, व्याहीबुवा. खाल्लेली सगळी देत न्हाई. दांडा खाडीकडं लोळतोय. एक मोठा पाऊस झाला की घरातनं पाणी जाईल."

व्याह्यांनी चौकट उतरवून आणली. "हें कोणी काढलं? तुमीच मू? सरकारचा शिक्का आहे. घरापासून दर्यापर्यंत एवढी जमीन माझी. आज त्यातली अर्धी दिसत नाही, म्हणजे दर्याकडं माझी अर्धी जमीन येणं आहे. ती परत घेतल्याबगर मी हालचों ना."

दुपारभर हे चाललं. मोजणीदारांनी पडलेले माड दाखवले, काठीनं वाळूत तिन्ही मोजण्यांचे दांडे काढून दाखवले. पालथ्या घड्यावर पाणी. खाडीपलीकडं व्याह्यांचा एक उंचवट्याचा तुकडा होता, तिथं चला म्हणाले, तर व्याही म्हणतात, तिथं माड होत नाही. जावई बापापुढं मान वर करणारा नव्हता, तो आपला जाळं विणत बसला. शेवटी व्याही उठून पोरीकडं बघत म्हणाले, "पावसांत तुमचेकडे रांव दी. दिवाळीक सून आनी नातू हांगाच येतले. ह्याच घरांत पाळणो बांदतलों."

पोरगी गरे वाटत होती. पोट सांभाळत वाकली, बापापुढं ताटली ठेवली आणि आत गेली. मोजणीदार ती गेली त्या दाराकडं बघत राहिले. मग त्यांनी चौकट उचलली, मांडीवर घेतली, धोतराच्या सोग्यानं काचेवरचं कुंकू पुसलं.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "एक सांगायचं इतकी वर्षं राहिलंय. ही मोजणी चुकलेली हाय."

"म्हणजे?"

"ओहोटीत मोजली. भरतीपर्यंत थांबायचा कंटाळा आला. ओल्या वाळूवर साखळी टाकली आणि तिथंच किनारा काढला. ही एवढी जमीन कधी नव्हतीच. जी नव्हती ती समुद्र परत कुठनं देणार?"

माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला. मी तोंड उघडणार तोच मोजणीदारांनी माझ्याकडं बघितलं. मी पाणी पिऊन टाकलं.

व्याही आधी थक्क झाले, आणि मग, काय सांगू, त्या माणसाला हर्ष झाला. समुद्र परत देणं लागत नाही याचं दुःख राहिलं बाजूला. सरकारचा मोजणीदार आपल्या अंगणात बसून चूक कबूल करतो, हा मान केवढा! त्यांनी दांड्यावरच्या बाकीच्या घरांतली माणसं हाका मारून बोलावली. "ऐका, ऐका. पुन्हा सांगा हो व्याहीबुवा." आणि मोजणीदारांनी पुन्हा सांगितलं. एक खारवी म्हणाला, "आमची पोरंय भरती-ओहोटी वळखतात." सगळे हसले. मोजणीदार म्हणाले, "व्हय, मला कळायला पायजे व्हतं."

पाऊस लागायच्या आत व्याह्यांनी कौलं उतरवली, वासे होडीत घातले आणि घर खाडीपलीकडं उभं केलं. बाकीची घरंही मागोमाग हलली.

पण हे घर हलायच्या आधीचं. पोरीला घेऊन परत येताना होडीत तिचा डोळा लागला, तेव्हा मी न राहवून हळूच विचारलंच. "असं कसं बोललात? तुमचा नकाशा बरोबर व्हता."

"बरोबर असून कुणाच्या कामाला येतोय?"

"मग घर हललं की खरं सांगून टाका."

ते पाण्याकडं बघत होते. गोळा खिशात होता, पण बाहेर काढला नाही. "दिवाळीला थोडी वाळू परत येईल, अक्का. दरसाल येती. नकाशा खरा होता असं व्याह्याला कळलं, तर तो वासे घेऊन पुन्हा तिथं जाईल. हे आता खोटंच राहू द्या. तुम्ही बी कुठं बोलू नका."

मी शब्द दिला. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणतात, त्यांना मी विचारते, पुरुषांच्या तरी एवढं राहिलं असतं का?

आषाढात दांडा मधोमध फुटला. जिथं व्याह्यांचं देवघर होतं तिथून नदी समुद्राला मिळाली. इकडं आमच्या मागच्या खोलीत पोरगी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, नातू नव्हे, तरी व्याही बारशाला घाट चढून आले आणि दोन नारळ जास्तच घेऊन आले. सगळा गाव जेवायला बसला होता. घुगऱ्या खाता खाता व्याह्यांनी ती कथा सांगितली, अगदी रंगवून, ओल्या वाळूवर साखळी कशी टाकली ते हात करून दाखवत. वाईट मनानं नव्हे हो. त्यांना वाटत होतं, आपण व्याह्याची थट्टा करतोय.

पंगतीत बाजारकुणंगचे दोघे भाऊ होते. त्यांच्या बांधाची मोजणी दुसऱ्या दिवशी ठरलेली होती. हात धुताना थोरला मोजणीदारांपाशी आला. म्हणाला, "मोजणीदार, उद्या राहू द्या. बारशाच्या गडबडीत तुमास्नी तरास झाला असंल." मोजणीदार म्हणाले, "बरं." त्यानंतर कुळगीकडूनही कुणी आलं नाही. बांधावरून पुन्हा डोकी फुटायला लागली, लोक ठाण्याच्या पायऱ्या चढायला लागले, आणि साखळी खुंटीला लटकून गंजली. मला भयंकर राग यायचा, व्याह्यांचा, त्या भावांचा, आणि ह्या माणसाचाही. एकदा म्हटलं, "निदान आपल्या माणसांना तरी सांगू." तर म्हणाले, "मीठवाले हितनंच जातात की, अक्का. गूळपाणी प्यायले की कारवारात जाऊन सगळं ओततील."

पोरगी मुलीला घेऊन दरसाल यायची. त्या उंचवट्यावर माड नाही पण आंबा चांगला झाला. एकदा मुलीला मांडीवर खेळवत ती बापाला चिडवायला लागली. "आप्पांनी जन्मात एकच चूक केली, आणि त्यावर माझा संसार उभा राहिला. नाहीतर आम्ही सगळे गेलो असतो समुद्रात." मी चुलीपाशी होते. धूर डोळ्यांत गेला म्हणावा तर लाकूड कोरडं होतं. मोजणीदार नातीचं बोट धरून म्हणाले, "व्हय, चुकलो खरा." सगळ्या आयुष्यात साहेबापुढं जो शब्द काढला नाही, तो पोरीपुढं किती सहज काढायचे.

ते गेले तेव्हा व्याही आले होते. पोटभर रडले. रडता रडता आमच्या मालकांना म्हणाले, "माणूस देवासारखा. फक्त मोजणीत कच्चा." मी तेव्हाही गप्प बसले.

आता व्याही नाहीत. जावई म्हातारा झालाय, आणि जुन्या जागेवर परत जावं म्हटलं तर तिथं आता होड्या चालतात. कुणाचं काही बिघडायचं राहिलं नाही. म्हणून आज सांगते. ती जमीन होती. हा माणूस तिथं छत्री उघडून दिवसभर बसला होता, भरतीची वाट बघत. त्याची मोजणी बरोबर होती.